कडा कुणी कापल्या?

धाकटी सकाळपासून सात वेळा जिने उतरून चढली होती. कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर बाहेर लांबलचक बाक होता, बसायला जागाही होती, पण तिला बसवेल तर शपथ! उठायची, खाली जाऊन पाणी प्यायची, तोंडावर पाणी मारायची, वर यायची आणि पुकारा करणाऱ्या शिपायाला विचारायची, "आमचा नंबर आला का हो?" तिसऱ्या खेपेला शिपाई वैतागला. "बाई, नंबर यायचा तेव्हा येईल. तुम्ही विचारताय म्हणून साहेब काय भराभर निकाल देणार आहेत?"

त्याचं काय चुकलं? पण ज्याच्या पोटात काही दडलंय त्याला कुठलं बसवतंय! खाई त्याला खवखवे म्हणतात. धाकटीनं तर सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता. तिनं एक गोष्ट लपवली होती, आणि तीही साधीसुधी नाही, प्रतिज्ञापत्रावर सही ठोकून लपवली होती. आज तिची उलटतपासणी होती.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिचा भाऊ बसला होता, थोरला. मध्ये चार अनोळखी माणसं. आठ महिन्यांत बहीण-भाऊ एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. जे काही बोलायचं ते वकिलांमार्फत, कागदावर. धाकटीला सारखं वाटायचं की दादा आपल्याकडे बघतोय. तिनं मान वळवली की तो खिडकीबाहेर बघत असायचा.

भांडण होतं बाबांच्या मृत्युपत्रावरून.

बाबांचं बाईंडिंगचं दुकान होतं. अख्खा रस्ता त्यांना बाईंडरमास्तर म्हणायचा. एक लांबट खोली, दाराशी टेबल, मागे हातानं ओढायचं कटिंग मशीन, कोपऱ्यात खळीचं भांडं, भिंतीला टेकलेले पुठ्ठे आणि खिडकीत लेबलं टाईप करायचा एक जुना टाईपरायटर. विद्यार्थ्यांचे प्रबंध, कचेऱ्यांची दप्तरं, कुणाच्या आईनं लिहिलेली वही, असलं सगळं तिथं यायचं आणि कापडी पाठीचं होऊन जायचं. थोरला शिकला, नोकरीला लागला, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. धाकटी दुकानात राहिली. बावीस वर्षं. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "जमलं असतं हो, पण नेमका परीक्षांचा सीझन होता." लोक हसायचे. तीही हसायची.

मास्तरांचे दोन-तीन हट्ट होते. पहिला, पिन म्हणजे पाप. "पिन गंजते आणि कागद खाते. दोऱ्यानं शिव, नाहीतर सुटा राहू दे." दुसरा, कागद वाया घालवायचा नाही; पाठकोऱ्या कागदाचा चिटोरासुद्धा ते जपून ठेवायचे. आणि तिसरा हट्ट सगळ्यांत पक्का: बाईंडरनं वाचायचं नाही. "लोक आपल्याकडे काय काय आणतात! कुणाची पत्रं, कुणाच्या घटस्फोटाचे कागद. आपण पानं मोजायची, आकडे बघायचे, बस. मजकुराकडे डोळा गेला तर तो आपला चोरटेपणा." धाकटीनं हा नियम इतका अंगी मुरवला होता की समोरचा कागद उलटा आहे का सुलटा तेवढंच तिला दिसायचं.

गेल्या वर्षी मास्तरांचं हृदय कुरकुरायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मास्तर, आवरतं घ्या." मास्तरांनी ते भलतंच मनावर घेतलं. एका दुपारी धाकटीला पुस्तकं पोचवायला दूरच्या शाळेत पिटाळलं आणि स्वतः टाईपरायटरवर बसून दोन बोटांनी चार पानांचं मृत्युपत्र टाईप केलं. मग डॉक्टरांना आणि शेजारच्या लाँड्रीवाल्याला साक्षीदार म्हणून बोलावलं. पुढचा संवाद लाँड्रीवाल्यानं मागच्या तारखेला कोर्टात जसाच्या तसा करून दाखवला, आणि साहेबांनासुद्धा हसू आवरलं नाही.

"मास्तर, यात मला काही आहे का?"

"असतं तर तुला बोलावलंच नसतं. ज्याला मिळायचं असतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं."

"म्हणजे मी फुकट सही करू?"

"फुकट. पण आधी मी सही करतो ती नीट बघ. तुझ्या इस्त्रीकडे नको बघू, माझ्या हाताकडे बघ."

मास्तरांनी चौथ्या पानावर पूर्ण सही केली, तिच्याखाली दोघांनी केल्या. पहिल्या तीन पानांवर मास्तरांनी छोट्या सह्या केल्या, खालच्या कोपऱ्यात, अगदी कडेला. कागद मोकळा असताना कडेला का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाले, "सवय." मग चारही पानं दोन पुठ्ठ्यांमध्ये सरकवून टेबलावर ठेवली. पिन लावणं तर शक्यच नव्हतं. संध्याकाळी स्वतः शिवणार होते. आणि औषध आणायला गेले.

आता बघा, गोष्ट कशी फिरते. धाकटी परत आली. टेबलावर सहा प्रबंधांची चळत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती, पोरं ताटकळत उभी राहणार. चळतीच्या शेजारी दोन पुठ्ठ्यांत चार सुटी पानं. तिला वाटलं, हेही त्यातलंच किरकोळ काम. पानं मोजली. चार. ठोकून सरळ केली, मशीनमध्ये घातली आणि कडा कापल्या. वरून, खालून, बाजूनं, अर्धं अर्धं बोट. खच्, खच्, खच्. तीन दणक्यांत बाबांच्या तिन्ही छोट्या सह्या कातरणाच्या पोत्यात गेल्या, आणि पोतं तासाभरात रद्दीवाल्याच्या गाडीवर गेलं.

मास्तर परत आले. पानं हातात घेऊन उभे राहिले. "कातरण कुठंय?" त्यांनी विचारलं. "गेलं की मघाशीच." "बरं," असं म्हणून ते बसले, दाभण घेतलं, पानं शिवली, काळं कापड लावलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. धाकटीला त्यात काही विशेष वाटलं नाही. बाबा त्या दिवशी जरा गप्प होते, एवढंच.

त्यानंतर तिसरा रविवार उजाडायच्या आत मास्तर गेले. ड्रॉवर उघडला, काळ्या कापडाचं ते चोपडं निघालं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा धाकटीनं बांधलेल्या कागदाचा मजकूर वाचला. रस्त्यावरचं दुकान, मशीन आणि सामानासकट, धाकटीला. मागच्या गल्लीतल्या राहत्या दोन खोल्या थोरल्याला. वाचता वाचता तिचा हात कोपऱ्यावर गेला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. हीच ती चार पानं! आपण कापली ती!

पण कोपऱ्यात सह्या होत्या हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिला भीती वाटली ती एवढीच, की मृत्युपत्राला आपण मशीन लावलं, आता ते चालेल का. मृत्युपत्र कोर्टाकडून पक्कं करून घ्यायला ती एका वकीलबाईंकडे गेली. बाई चटपटीत होत्या, जेवणाचा डबा खाता खाता कायदा सांगायच्या.

"हे बघा, मृत्युपत्राला ना स्टँप लागतो, ना मोठा वकील. करणारा सज्ञान हवा, शुद्धीवर हवा, आपल्या मर्जीनं करणारा हवा. त्याची सही हवी आणि ती सही होताना बघणारे दोन साक्षीदार. तुमच्याकडे सगळं आहे. छान आहे! फक्त एक सांगा. ज्याला फायदा होतो त्याचा कागद तयार करण्यात हात असला की कोर्ट नाक मुरडतं. तुम्ही या कागदाला बाबा हयात असताना हात लावला नव्हता ना?"

"नाही," धाकटी म्हणाली.

एवढंच. कुणी गळा धरला नव्हता तिचा. "कडा मी कापल्या, पण मला माहीत नव्हतं हे काय आहे," असं ती म्हणू शकली असती, आणि वकीलबाईंनी तेही डब्याच्या एका घासाबरोबर कागदावर घेतलं असतं. पण धाकटीला वाटलं, कशाला नसती आफत? झाकली मूठ सव्वा लाखाची. वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र लिहिलं: 'सदर मृत्युपत्र वडिलांच्या हयातीत मी कधीही हाताळलेलं नाही.' धाकटीनं खाली सही केली. एक प्रत रीतीप्रमाणे थोरल्याला गेली.

आणि पंधरा दिवसांत थोरल्याची हरकत आली. ती वाचून धाकटीला घरभर फेऱ्या घालण्यावाचून काही सुचेना. त्याच्या वकिलानं चारही बाजूंनी तोफा लावल्या होत्या. एक, मृत्युपत्र करताना वडील जड औषधांवर होते, त्यांची मनःस्थिती ठीक नव्हती. दोन, ते मुलीबरोबर दिवसभर एकटे असत, तिनं दबाव आणला. तीन, पहिली तीन पानं मूळची नाहीत, मागाहून बदललेली आहेत. ज्या टाईपरायटरवर ती टाईप झाली तो मुलगी रोज वापरते. चार, ती पानं बदललेली असल्यानं, सही-साक्षीचं पान खरं असलं तरी हे मृत्युपत्र वडिलांचं म्हणता येत नाही.

"घाबरू नका," वकीलबाई म्हणाल्या. "हरकतीत सगळे सगळंच लिहितात. एक तरी लागेल म्हणून दहा दगड मारायचे. डॉक्टर स्वतःच साक्षीदार आहेत, तेव्हा पहिला दगड गेला. दबावाचं म्हणाल तर तुम्ही त्या वेळी शाळेत होतात, पोचपावती आहे. राहिला प्रश्न पानांचा."

पानांपाशीच घोडं पेंड खायला लागलं. लाँड्रीवाल्यानं साक्षीत छातीठोकपणे सांगितलं, "प्रत्येक पानावर सही केली मास्तरांनी, कोपऱ्यात. मी डोळ्यांनी बघितली. इस्त्रीकडे बघू नको म्हणाले होते ना!" कोर्टात चोपडं उघडलं, तर तिन्ही पानांचे कोपरे कोरे. वकीलबाईंनी धाकटीकडे बघितलं. बाहेर आल्यावर विचारलं, "सह्या कुठे गेल्या?"

"बाबांनी कडा कापल्या असतील," धाकटी म्हणाली. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू.

"कॉपी वगैरे? कार्बन घातला असेल की टाईप करताना?"

"बाबा आणि कार्बन? दुप्पट कागद जातो त्याला."

तेव्हापासून तिची झोप उडाली आणि दिवसा जीव थाऱ्यावर राहीना. दुकान थोरल्याच्या हरकतीमुळं बंद होतं, त्यामुळं हातांना काम नव्हतं. घरी वर्तमानपत्रांच्या घड्या घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. दुकान गेलं तर आपण कोण, हा प्रश्न तिला सतावत होता. मृत्युपत्र टिकलं नाही तर तिला अर्धा वाटा मिळणार, जागा विकली जाणार, तिथं मोबाईलचं नाहीतर चपलांचं दुकान येणार, आणि मशीन भंगारात. पण त्याहून खोल एक काटा होता, तो तिनं कुणाला दाखवला नव्हता. बाबांना कळलं होतं. त्यांनी कातरण विचारलं होतं. मग ते बोलले का नाहीत? रागावले होते? बावीस वर्षांनी पोरीनं असली घाण करून ठेवली, असं मनात धरून गेले?

"चला," शिपाई ओरडला. "नंबर आला तुमचा. आता धावू नका, पडाल."

कोर्टाची खोली छोटीशी होती. पंखा खडखडत होता. धाकटी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि कठड्याची लाकडी पट्टी बोटांनी मापायला लागली. दीड वीत. पुन्हा मापली. दीडच.

थोरल्याचे वकील जाड चष्म्याचे, आवाजानं अगदी मवाळ. लग्नाची बोलणी करायला आल्यासारखे हळूच पुढे आले आणि काळं चोपडं तिच्या हातात दिलं.

"हे बाईंडिंग ओळखता?"

"हो. बाबांचा टाका आहे."

"किती वर्षं हे काम करत होते ते?"

"चाळीसच्या वर."

"एवढा जुना कारागीर. कापायच्या आधी कडेला काही लिहिलेलं आहे का, हे बघायचं, एवढं त्यांना कळत असेलच?"

"त्यांना? डोळे मिटून कळायचं."

"वा. आता असं बघा. लाँड्रीवाले म्हणतात, पानापानावर सही होती. इथं नाही. म्हणजे दोनच गोष्टी उरतात. एक, ही पानं ती नव्हेतच. किंवा मग ज्या माणसाला डोळे मिटून कळायचं, त्यानं स्वतःच्याच मृत्युपत्रावरच्या स्वतःच्याच सह्या कापून कचऱ्यात टाकल्या. असा माणूस शुद्धीवर होता असं आम्ही म्हणायचं का? तुम्हीच सांगा, बाई. कडा कुणी कापल्या?"

वकीलबाई खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. उत्तर ठरलेलं होतं. बाबांनी. मेलेला माणूस काही उठून नाही म्हणत नाही. धाकटीनं तोंड उघडलं आणि तिला समोर बाबा दिसले, दोन बोटांनी टाईप करणारे, कडेला जपून सही करणारे, भ्रमिष्ट. उद्यापासून ते कागदोपत्री भ्रमिष्ट! ज्या माणसानं चाळीस वर्षांत कुणाचं एक अक्षर कापलं नाही, त्याला त्याच्याच पोरीनं भर कोर्टात वेडा ठरवायचं, आणि वर त्याचंच दुकान घ्यायचं? तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि राग आला तो स्वतःचाच.

"मी," ती म्हणाली.

"काय?"

"मी कापल्या. बाबांचं डोकं ठिकाणावर होतं. ठिकाणावर नव्हतं ते माझं." आणि मग धरण फुटावं तसं तिनं सगळं सांगून टाकलं. प्रबंधांची चळत, दोन पुठ्ठे, चार पानं, बाईंडरनं वाचायचं नाही हा नियम, कातरणाचं पोतं, सगळं. वकीलबाईंचं पेन थांबलं. पुकारा करणारा शिपाईसुद्धा दारातून आत डोकावला.

साहेबांनी चष्मा काढला. "मग प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, कधीही हाताळलं नाही, ते?"

"खोटं आहे."

"शपथेवर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, ठाऊक आहे?"

"तेव्हा नव्हतं ठाऊक. आता आहे."

"त्याचा विचार वेगळा होईल," साहेब म्हणाले आणि लिहायला लागले.

चष्मेवाल्या वकिलांचा चेहरा खुलला होता. त्यांना अजून विचारायचं होतं, आणि काय विचारणार ते शेंबडं पोरही सांगेल: एकदा खोटं बोललात, आता खरं कशावरून? कापलंत तसं बदललंही नसेल कशावरून? पण ते तोंड उघडणार एवढ्यात मागून थोरला उभा राहिला. "मला बोलायचंय." वकिलांनी त्याची बाही ओढली. त्यानं झटकली. साहेब म्हणाले, "शपथ घ्या, मग बोला."

धाकटी खाली उतरली, थोरला वर चढला. पिंजऱ्याच्या पायरीवर दोघांचे खांदे लागले, तेवढाच काय तो आठ महिन्यांतला संबंध.

"तिनं कापल्या हे मला पहिल्यापासून माहीत होतं," थोरला म्हणाला.

चष्मेवाल्या वकिलांनी डोक्याला हात लावला.

"त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. हसत होते. हसून हसून त्यांना खोकला लागला. म्हणाले, 'अरे, तुझ्या बहिणीनं मला आज पार कापून टाकलं. वाटण्या लिहून ठेवल्या होत्या, माझ्या सह्याच उडवल्या तिनं. काय झपाझप हात चालतो पोरीचा, बघत नाही की काही नाही! मीच शिकवलंय ना, वाचायचं नाही म्हणून!' मी म्हटलं, तिला सांगितलंत का? तर म्हणाले, 'छे छे, तिला बोलू नकोस. दोन दिवस जेवायची नाही ती. रविवारी तू ये, तुझ्यासमोर वाचतो आणि पुन्हा सह्या करतो.'"

धाकटीनं तोंडावर पदर धरला. हसत होते. बाबा हसत होते! आठ महिने जो काटा रुतून बसला होता तो एका वाक्यात निघाला, आणि ती तिथंच, भर कोर्टात, लहान पोरीसारखी रडली.

"मग गेलात तुम्ही रविवारी?" साहेबांनी विचारलं.

"नाही," थोरला म्हणाला. "पहिल्या रविवारी कंटाळा केला. दुसऱ्या रविवारी काम निघालं. तिसऱ्या रविवारच्या आधी बाबा गेले."

"हे सगळं ठाऊक होतं, तर हरकत कशासाठी?"

"तिच्या प्रतिज्ञापत्रामुळं," थोरला म्हणाला. आता तो पहिल्यांदाच बहिणीकडे सरळ बघत होता. "मी वाट बघत होतो साहेब. म्हटलं, येईल, सांगेल, दादा, माझ्या हातून असं असं झालं. मी सांगणार होतो, अगं वेडे, बाबा हसत होते. पण आला तो वकिलाचा कागद. हात लावला नाही म्हणे! लावला होता हे तर मला माहीत होतं. मग माणूस काय समजेल? चुकून कापणारा माणूस लपवेल कशाला? म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. वाटण्या काय होत्या ते बाबा फोनवर बोलले नव्हते. आणि कोपरे निघाले ते कोरे, दुकान तिला. केसानं गळा कापला असंच वाटलं मला."

"तुम्ही तिला विचारलं का नाही?"

"तिनं सांगितलं का नाही?" थोरला म्हणाला, आणि मग साहेबांशी बोलतोय हे ध्यानात येऊन त्यानं हात जोडले.

जेवणाच्या सुट्टीत थोरल्यानं त्याच्या वकिलाशी बरीच हुज्जत घातली. बाकावरून धाकटीला ती ऐकू येत होती. "अहो, आता तर आपली बाजू भक्कम झाली!" असं चष्मेवाले कळवळून सांगत होते, आणि थोरला "द्या तो कागद इकडे" एवढंच म्हणत होता. सुट्टी संपल्यावर त्यानं हरकत मागे घेतल्याचं लिहून दिलं. साहेबांनी विचारलं, कुणी दबाव आणला का? तो म्हणाला, नाही. दोन्ही साक्षीदार पक्के होते, हरकत उरली नव्हती. प्रतिज्ञापत्राबद्दल धाकटीला खरमरीत ताकीद आणि दंड झाला, आणि मृत्युपत्राचा हुकूम पुढच्या तारखेला द्यायचं ठरलं.

"सुटलात!" वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "मला आधी सांगितलं असतंत तर हे सगळं झालंच नसतं, पण जाऊ दे. दुकान तुमचं. आता जरा बसा बघू एका जागी."

पण थोरला जिन्याकडे निघाला होता. धाकटी मागं धावली. "दादा! दादा, थांब ना."

तो पहिल्या वळणावर थांबला.

"घरी चल," ती म्हणाली. "जेवू काहीतरी. मी सकाळपासून... बाबा आणखी काय म्हणाले रे? सगळं सांग मला."

"तेवढंच म्हणाले."

"दादा, पानं मी बदलली नाहीत. तुला ठाऊक आहे ना? देवाशपथ, एक अक्षर बदललं नाही."

"नसशील बदललं."

"नसशील काय? नाहीच बदललं!"

थोरला कठड्याला टेकला. जिन्यावरून माणसं ये-जा करत होती, दोघांना वळसा घालून जात होती. "मला खरं मानायचंय गं," तो म्हणाला. "म्हणूनच सही केली. बाबा हसत होते तो आवाज कानात आहे, त्याच्याकडे बघून केली. पण तू म्हणतेस म्हणून मानायचं, तर ते आता होत नाही. मी काय करू?"

मग त्यानं खिशातून जुडगा काढला आणि त्यातली एक किल्ली नखानं ओढून काढायला लागला. दुकानाची होती. शाळेत असल्यापासून ती त्याच्याकडे असायची, दोघांच्या दोन. कडी घट्ट होती, निघता निघेना. धाकटी त्याच्या हाताकडे बघत होती आणि तिच्या लक्षात येत होतं की तो काय करतोय.

"राहू दे ना तुझ्याकडे," ती म्हणाली. "दुकान काय माझ्या एकटीचं आहे? कधी वाटलं तर येशील, बसशील."

"नको." किल्ली निघाली. त्यानं तिचा हात धरून उघडला आणि तळव्यावर ती ठेवली. "उद्या तिथलं काही इकडचं तिकडे झालं, तर तुला माझा संशय यायला नको."

"मला कशाला येईल तुझा संशय?"

"मलाही तुझा आला नसता," थोरला म्हणाला आणि खाली उतरून गेला.